झोपलेली सीताफळं

बाळांनो, गेल्या रविवारी तुम्ही फोनवर "आजी, बाग दाखव ना" म्हणालात आणि मी नेटवर्क नाही असं सांगून फोन ठेवला. नेटवर्क होतं. ते खोटं तेव्हापासून टोचतं आहे, म्हणून खरं काय ते आज लिहून काढते.

पारनेरच्या आपल्या उतारावरची माती दर पावसात ओढ्याला जाते. ती धरून ठेवायला आडवे चर खणून फळझाडं लावली, तर सरकार हप्त्याहप्त्यानं अनुदान देतं. मी शंभर सीताफळं लावली. दुसऱ्या हप्त्याची अट अशी की पाहणीच्या दिवशी त्यातली ऐंशी तरी जिवंत हवीत. विहीर जानेवारीतच आटली होती. उन्हाळ्यातलं टँकरचं पाणी त्या हप्त्यातूनच येणार होतं.

मार्चमध्ये पाहणीचा निरोप आला. माझा स्वभाव तुमच्या आईला विचारा. इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, फळ्यावरची ओळ कधी वाकडी जाऊ दिली नाही. बागेत निम्म्या झाडांना पान नव्हतं, नुसत्या करड्या काड्या. साहेबांना वाळकी झाडं दिसायला नकोत म्हणून अगदीच गेलेली वाटली ती मी उपटली, बांधावर नीट रचली आणि झाडांभोवतीची आळी साफ केली.

शेजारच्या रानातली म्हातारी शेळ्या घेऊन आली. ढीग बघून तिनं कपाळाला हात लावला.

"बाई, ह्ये काय केलंत?"

"मेलेली काढली."

तिनं एक काडी उचलून नखानं साल खरवडली. आत हिरवंगार.

"मेल्याली कुठं? निजल्याली हुती. सीताफळ पानं टाकून निजतंय, पावसाला उठतंय. पोरास्नी एवढं इंग्रजी शिकवलं, अन् ह्ये न्हाई व्हय ठावं?"

मी ढीग मोजला. अठ्ठावीस.

दोघींनी ती लगेच परत लावली. प्यायच्या हंड्यातलं पाणीसुद्धा घातलं. पण मुळं तुटली होती. आठवड्यानं कृषी सहाय्यक आले, तोवर साल आतूनही तपकिरी पडली होती.

"सायब, बाईंचा हात चुकला, असं लिवा की," शेजारीण म्हणाली.

"मावशी, मोबाईलमध्ये तसा रकानाच नाही. जिवंत नाहीतर मृत."

मी त्यांना हात जोडले. आयुष्यात असे कुणापुढे जोडले नव्हते. ते खाली बघत म्हणाले, "मॅडम, लाजवू नका. पावसाळ्यात पुन्हा लावा, पुन्हा अर्ज करा." बहात्तर भरलं आणि ते गेले.

पदरचे घालून दोन टँकर आणले. मग भांडी धुतलेलं पाणी बादलीनं नेऊ लागले. घराजवळच्या दोन ओळींपलीकडे भरली बादली घेऊन माझ्यानं चढवत नाही. वरच्या ओळींत रोज सकाळी जाऊन साल खरवडते. खरवडून झाडाला इजा होते हे कळतं, तरी हात राहत नाही. एकेक करून आत तपकिरी लागत गेलं. शेजारीण आता शेळ्या दुसरीकडे वळवते.

पाऊस अजून नाही. आज सकाळपर्यंत एकोणीस झाडं जिवंत आहेत.