डावीकडं ओढणारी सायकल

माझी बायको ज्योत्स्ना जुन्या सायकली दुरुस्त करते आणि तिच्या कामाला नाव ठेवायची हिंमत अख्ख्या कान्हे फाट्यावर कुणात नाही. माझ्यात तर मुळीच नाही. मी तळेगावच्या कंपनीत फिटर, पण तिच्या दुकानात माझी लायकी फडकं धरण्यापुरतीच. दुकान तिच्या वडिलांचं, बाजीराव ओव्हाळांचं. ते गेले तेव्हा लोक म्हणाले, आता शटर पडणार. कसलं पडतंय! आता पुण्याहून, लोणावळ्याहून लोक पोलादी सायकली घेऊन तिला शोधत येतात. गंज उतरवणं, छर्रे बदलणं, दांडीवरची सोनेरी रेघ ओढणं, सगळं स्वतः करणार. मी जरा बोट लावलं की, "अहो, तुमचं शहाणपण कंपनीत ठेवा!"

तिचा एक हट्ट आहे. तयार सायकल टेम्पोत घालून न्यायची नाही. मालकानं दुकानापुढच्या रस्त्यावर एक चक्कर मारून दाखवायची, मगच सायकल त्याची.

टाकव्याचे दत्तोबा, सगळ्यांचे आबा, मुलाला, पवनला घेऊन आले. आबांनी उमेदीची सगळी वर्षं या सायकलवरून दूध घातलं. दूध बंद झालं तरी बाजार, दवाखाना, लेकीचं घर, सगळीकडं त्याच सायकलवर. मागच्या महिन्यात ब्रेक लागला नाही आणि आबा रस्त्याकडेच्या चारीत पडले. पवन घाबरला. लोणावळ्याच्या एका हॉटेलवाल्याला भिंतीवर टांगायला अशीच सायकल हवी होती. मग घरात ठरलं, आबा अजून एकदा पडले की सायकल हॉटेलात.

"पोरी, नीट कर बाय," आबा म्हणाले. "ही गेली तर मरंस्तवर कुनाच्यातरी मागं बसून हिंडावं लागंल. मला न्हाई जमायचं ते."

ज्योत्स्नानं जीव ओतला. दोरा लावून बघितलं तर पुढचं चाक धरणारा चिमटा डावीकडं झुकलेला. दुधाची जड किटली कायम हँडलला डाव्या अंगाला. "काय दशा करून ठेवलीय!" म्हणत तिनं चिमटा सरळ केला, ब्रेक नवे घातले. मी म्हटलं, सायकल नवरीसारखी दिसतेय. खरंच दिसत होती.

आबा बसले, चार पायडल मारले आणि सायकल उजवीकडं वळत गेली ती थेट रसवंतीच्या बाकड्यावर. आबा खाली. नशीब, फक्त कोपर खरचटलं. पवन धावला. "झालं! आता बास. ताई, मी हॉटेलवाल्याला फोन करतो."

आबा धुळीतच बसून राहिले. मला ते बघवेना.

"फोन ठेव आधी," ज्योत्स्ना म्हणाली. "तू चालव बरं."

पवननं चालवली. सायकल सुतासारखी सरळ गेली. ज्योत्स्नानं कपाळावर हात मारला. "अगं बाई! सायकल डावीकडं ओढायची, म्हणून आबा इतकी वर्षं उजवीकडं ओढत आले. मी सायकल सरळ केली, आबांचे हात कोण सरळ करणार?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय? पुन्हा वाकवायची."

केलेलं काम मोडताना तिचा चेहरा बघायला हवा होता. पण हात थांबला नाही. शिंपी बाही घालून बघायला लावतो तसं चाललं. चिमटा जरासा वाकवायचा, कुठं चीर गेली नाही ना ते निरखायचं आणि आबांना बसवायचं. पवन हात पसरून बाजूनं पळत होता.

"जमलं का, आबा?"

"न्हाई गं. अजून वाईच."

पुन्हा वाकवला. आबा बसले. या खेपेला हँडल डुगडुगलं नाही. ते रसवंतीपुढून गेले, जिथून वळून यायचं तिथं वळलेच नाहीत. टाकव्याच्या रस्त्याला लागले आणि पाठमोरे दिसेनासे झाले.

पवननं मोटरसायकलला किक मारली. ज्योत्स्नानं चावीच काढून घेतली. "मागं लागायचं नाही. सायकल मी केलीय."

बोलली ठसक्यात, पण चावी मुठीत घट्ट आवळून रस्त्याकडं बघत उभी राहिली. मी चहा आणला, कुणी घेतला नाही. बऱ्याच वेळानं पवनचा फोन वाजला. त्यानं स्पीकरवर टाकला.

"मी घरला आलो," आबांचा आवाज. "तू कुटं ऱ्हायलास? भाकरी गार व्हतीया."

ज्योत्स्ना मटकन बाकड्यावर बसली आणि हसता हसता रडायला लागली. मलाही भरून आलं, का लपवू? पवननं आमच्यासमोरच हॉटेलवाल्याला फोन लावला.

"नाही शेठ, ती सायकल नाही मिळायची. वडील चालवतात."