डोळे मिटून दाद

बाबा दर उन्हाळ्यात पुण्याहून आमच्याकडे मँचेस्टरला येतात. जन्मभर मराठी शिकवलं, सुनीतं लिहिली. चौदा ओळी, एकाआड एक जुळणारी यमकं आणि शेवटच्या दोन ओळींची गाठ, हे सगळं मी तापाने फणफणलेली असतानाही त्यांनी मला समजावलंय. माझी मुलगी जन्मतः बहिरी. आता ती तेरा वर्षांची आहे, पण तिच्या भाषेतली एक खूणही ते शिकले नाहीत. त्यांच्या लेखी ते नुसते हातवारे.

यंदा शाळेत तिला सॉनेट शिकवलं. ते म्हणजे आजोबा लिहितात तेच सुनीत, हे कळल्यावर तिने त्यांच्यासाठी एक रचायला घेतलं, हातांनी. खुणांमध्ये शब्द बनतो तो हाताचा आकार, त्याची जागा, हालचाल, तळव्याची दिशा आणि चेहरा मिळून. एक बदललं की शब्द बदलला. तिने यमक आकाराचं धरलं. इथल्या खुणांत चांगल्याला अंगठा, वाईटाला करंगळी. पहिली ओळ अंगठ्यावर संपायची, दुसरी करंगळीवर, तिसरी पुन्हा अंगठ्यावर. शेवटच्या दोन्ही ओळी अंगठ्यावर, कारण त्या आजोबांवर होत्या.

आठवडाभर ती आरशासमोर घोटत होती. बाबांनी जाता-येता पाहिलं आणि ते मला म्हणाले, "करंगळी दाखवतेय, बाथरूमला जायचंय का तिला?" स्वतःच्याच विनोदावर ते खूप हसले. त्यांना आवडलं असं वाटून तीही हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

रविवारी दुपारी चहानंतर ती त्यांच्यासमोर उभी राहिली. मी बाजूला, मराठीत अर्थ सांगायला. बाबांनी सोफ्यावर मांडी घातली, शाल सारखी केली आणि पहिल्याच ओळीला डोळे मिटले. कविता ते अशीच ऐकतात. मैफलीत याला रसिकता म्हणतात.

मी बोलायची थांबले.

"थांबू नकोस गं," ते डोळे न उघडता म्हणाले, "ओघ तुटतो."

"बाबा, बघा ना तिच्याकडे."

"ऐकतोय मी. चालू दे."

ती थांबली नव्हती. मीही पुन्हा अर्थ सांगू लागले. मिटलेल्या पापण्यांसमोर तिने चौदाही ओळी पुऱ्या केल्या, अंगठे शेवटपर्यंत ताठ धरून. मग बाबांनी डोळे उघडले आणि ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "वा. कल्पना छान आहे. पण यमक कुठंय?"

मी कपबशा उचलल्या. काही बोलले असते तर फार बोलले असते. ती माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात आली आणि तिने खुणेने विचारलं, आजोबांना झोप लागली होती का?

मी हो म्हटलं. ते ऐकत होते, हे मला तिला सांगवलं नाही.