नागीण माह्या कंबरेले, रेघ तिच्या पोटावर

साल २०२३. मी अडुसष्ट वर्षांचा. आधीच सांगून ठेवतो — शाळा चौथीपर्यंत, पण मंतर, उतारा, असल्या गोष्टीले मी जन्मात भीक घातली नाही. आजही घालत नाही! पण हे घडलं ते घडलं...

आदल्या वर्षी मले बायकोची, सुमनची, किडनी बसवली. शरीरानं ती परकी समजून झिडकारू नये म्हणून रोज गोळ्या. त्या गोळ्यांनी रोगाशी लढायची ताकद कमी होते. सुमन पोरीच्या बाळंतपणाले तेल्हाऱ्याले, मी अमरावतीत एकटा... अन् डाव्या कंबरेले नागीण उठली! पाण्याच्या फोडांचा पट्टा पाठीकडून बेंबीकडं सरकत चालला. आग अशी, की सदरा अंगाले लागू देईना.

डॉक्टर म्हणाले, "काका, हा विषाणू आहे. तुमच्यासारख्याच्या अंगभर पसरू शकतो. गोळ्या सुरू करा. उद्यापर्यंत थांबली नाही तर भरती व्हायचं. आणि तान्ह्या बाळाजवळ तर जाऊच नका."

म्हणून सुमनले कळूच द्यायचं नाही, हे पक्कं केलं. कळलं की ती धावत येईन, अन् इथून पुन्हा नातवाजवळ जाईन.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन. (फोन नेहमी तिचाच येते. मी लावत नसतो.)

"कंबरेले काय झालं तुमच्या?"

"मले? काही नाही!"

"खोटं नका बोलू. माह्या टाक्यांच्या जागी सकाळपासून आग होऊन राहिली. फोड नाही, काही नाही. नागीण हाय ना तुमाले?"

आमच्याकडं नागिणीच्या तोंडापुढं गेरूची रेघ मारतात. तोंड-शेपूट मिळालं की माणूस गेला, म्हणतात.

"म्या रेघ मारली," ती म्हणाली. "माह्या पोटावर. बेंबीच्या अलीकडं चार बोटं."

मले हसू आलं. "अवं, नागीण माही, अन् रेघ तुह्या पोटावर?"

"मंग किडनी कोनाची हाय?"

फोन ठेवला अन् आरशापुढं सदरा वर केला. सकाळी पुढं सरकणारे फोड थांबले होते! बोटं लावून पाहिली... बेंबीपासून बरोबर चार! त्याच्या पुढं कातडी कोरी.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "गोळ्या लागू पडल्या." मान्य! पण तेल्हाऱ्यात तिले आग कशी लागली? अन् गोळीले चार बोटं कोणी सांगितली?

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी गोळी घेतली. मंग लग्नानंतर पहिल्यांदा मीच तिले फोन लावला.

"आंघोळीत रेघ पुसली असन तं," म्हटलं, "पुन्हा मार."