नोंदणीतलं नाव

माझे यजमान नव्याण्णव साली श्रावणात, बुधवारी सकाळी, साताऱ्यात वारले. पंधरवड्यानं मी सांगलीच्या रुग्णालयात कामावर परत रुजू झाले, तर रक्तदात्यांची यादी उघडत नव्हती.

यादी आम्हा दोघांची. पाटणपासून कडेगावपर्यंतच्या दात्यांची नावं मी भरायची, संगणक ते सांभाळायचे. सुरू केला की पडद्यावर त्यांनी लिहून ठेवलेली ओळ यायची: ‘बसा, होतंय सुरू.’ त्या दिवशीही ती आली आणि पुढे काहीच हललं नाही. दोनच दिवसांनी एका बाईची शस्त्रक्रिया होती. तिच्या दुर्मिळ गटाचे दाते कुठल्या गावचे, हे फक्त त्या यादीत होतं.

डेटाबेसच्या कंपनीला पुण्यात फोन लावला.

“नोंदणी कुणाच्या नावावर?”

एकोणीस वर्षांच्या संसारात मी त्यांचं नाव लग्नातल्या उखाण्यापुरतंच घेतलेलं. इतकं शिकून, वाचूनही जीभ वळेना. शेवटी नाव घेतलं आणि नकळत दाराकडे पाहिलं.

“त्यांनाच द्या ना फोन.”

“ते वारले.”

पलीकडच्या माणसानं पुढचा प्रश्न विचारला. “मशीन कुठलं आहे?”

मी खरं ते सांगितलं. नव्या संगणकाच्या आत त्यांनी नुसत्या सॉफ्टवेअरचं दुसरं मशीन उभं केलं होतं. आमचा जुना डेटाबेस त्यात चालायचा.

“त्याला आमची सेवा नाही, मॅडम. आधी खऱ्या मशीनवर हाच बिघाड दाखवा.”

कडेगावचे शिपाईमामा ऐकत होते. “आवं वैनी, खरं कशाला सांगितलंसा? सायब कंपनीला ह्ये कवाच सांगत न्हवतं. लय शिकल्यालं माणूस असंच फसतंय.”

पण एक्स-रे विभागातला संगणक मामांनीच उचलून आणला. सगळं त्यावर उतरवायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. त्या पडद्यावर ‘बसा’ म्हणणारं कुणी नव्हतं. बिघाड मात्र तोच होता. पुन्हा फोन, पुन्हा नाव. या वेळी जीभ अडली नाही, याचंच वाईट वाटलं. तो माणूस एकेक आज्ञा सांगत गेला, मी टंकत गेले. चारच्या सुमारास यादी उघडली. पाटणजवळचे दोन दाते सापडले. मामा जीप घेऊन गेले.

फोन ठेवण्याआधी त्या माणसानं विचारलं, “नोंदणी तुमच्या नावावर करू? त्यांचं नाव काढावं लागेल.”

मी हो म्हणाले.

ती बाई वाचली. कंपनीकडे अजून माझं नाव आहे.