आईच्या वाडीची सहल

माझे वडील डिचोलीला खाणीच्या कचेरीत कारकून होते. दर हिवाळ्यात ते साहेबांना आणि त्यांच्या मित्रांना अभयारण्यात सहलीला नेत. तिथली कुटीरं, जीप, जेवण, सगळा बेत कारापूरला आमच्या घरच्या मेजावर ठरे, आणि चहा देता देता आई तो ऐकत असे.

त्याच रानात आईचं माहेर होतं. रान राखीव झालं तशी वाडीतली माणसं एकेक करून खाली उतरली. मामा लाटंबार्शाला आले, काजूची लागवड करू लागले. आईचं लग्न त्याआधीच झालेलं. वाडी उठली ती तिनं पाहिली नाही, आणि नंतर कुणी तिला तिथं नेलंही नाही.

एका वर्षी वडील म्हणाले, या खेपेला तूही चल. एरवी आई कमी बोलायची. ते दिवस मात्र ती कामं करता करता मला वाडीतलंच सांगत राहिली. पाण्याची झर कुठं आहे, देवाची घुमटी कुठं, आजोबांनी लावलेला फणस कुठला. सहलीच्या सकाळी तिनं कोंबडीची शागोती आणि उंडे पाव बांधून दिले आणि चांगली साडी नेसून पायरीवर येऊन उभी राहिली. जीपमधल्या उरलेल्या जागेवर वडिलांनी बर्फाची पेटी ठेवली.

"तुझा जन्म रानातलाच," ते म्हणाले. "तुला काय बघायचंय तिथं?"

साहेब हसले. आईही थोडंसं हसली. संध्याकाळी मंडळी परत आल्यावर तिनं विचारलं, झरीला पाणी होतं का. वडील म्हणाले, आम्ही वर चढलोच नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा तेच सांगितलं आणि पुन्हा तसंच केलं. चांगली साडी नेसू नकोस, असं मी तिला म्हटलं होतं. तरी ती नेसली होती.

त्यापुढच्या वर्षी मात्र ती चुलीपाशीच राहिली. नेमकं त्याच वेळी साहेबांच्या बायकोला रानातली जुनी वाडी पाहायची होती. वडील आत आले आणि म्हणाले, तयार हो, मॅडमना तुझं घर दाखवायचंय. आई म्हणाली, मला काम आहे. वडिलांनी तिच्या हातातली ढवळायची दवली हिसकून जमिनीवर फेकली. खाऊचे डबे सांभाळायला मलाही जीपमध्ये बसवलं.

वर वाडी म्हणजे नुसती जोती उरली होती. त्यांवर वेली चढल्या होत्या. एक तुळशीवृंदावन कलंडलेलं होतं. मॅडमनी विचारलं, तुमचं घर कुठलं. आईनं सगळीकडे नजर फिरवली.

"आठवत नाही," ती म्हणाली.

मग वडील विचारू लागले. झर? आठवत नाही. फणस? तिथं फणस पुष्कळ होते. वडील तिच्याजवळ गेले आणि दात आवळून म्हणाले, कुठलंही एक दाखव. शेवटी मॅडमनी वृंदावनाचा फोटो काढला. पुरुष एका जोत्यावर बसून बाटल्या उघडू लागले.

मी डबे घेऊन गेले तेव्हा आई त्याच जोत्याच्या कडेला उभी होती. पायांत चपला नव्हत्या.

"इथं आमची चूल होती," ती मला हळूच म्हणाली. "कुणाला सांगू नको."

जेवण झाल्यावर साहेबांच्या मित्रांनी हाडं तिथंच टाकली. आई ती पानात गोळा करायला लागली. वडील म्हणाले, राहू दे, रानच आहे. तरी तिनं सगळी उचलली.

घरी आल्यावर त्यांनी तिला मारलं. एरवी ते मारत नसत, त्यांचं तोंडानंच भागायचं.

नंतर किती तरी वर्षं ते पाहुण्यांना सांगत, हिला स्वतःचं घरसुद्धा ओळखता आलं नाही. पाहुणे हसत. तेव्हा आई वाढत असायची. एकदा मला राहवलं नाही, मी बोलायला तोंड उघडलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी नको म्हणत असतानाही माझ्या ताटात भात घातला.

वडील गेले तेव्हा मी तुयेच्या कारखान्यात नोकरीला होते. आपण दोघीच वाडीवर जाऊन येऊ, असं नंतर तिला म्हटलं. कुटीर मी आधी सांगून ठेवते, मामाला वाट विचारून घेऊ. ती बांगडे साफ करत होती.

"दोघीच कशाला?" ती म्हणाली. "तू जा. तुझ्या मैत्रिणींना घेऊन जा."

मी गेले नाही. तिनंही पुन्हा तो विषय काढला नाही.