पाकटाची पिल्लं

बंदरावर येणारी पाकटं मी संशोधनासाठी रोज सकाळी मोजते. या चपट्या माशाच्या एका पंखापासून दुसऱ्या पंखापर्यंत टेप धरायची आणि आकडा वहीत लिहायचा. दरवर्षी पाकटं कमी आणि लहान होत चाललीत. आज जाळ्यातून काढलेल्या एका मादीने वाळूवरच तीन पिल्लं टाकली. बशीएवढी, दिवस न भरलेली.

मासे कापणाऱ्या शेवंताकाकूंनी कोयता खाली ठेवला, पिल्लं ओंजळीत घेतली आणि गुडघाभर पाण्यात नेऊन सोडली. दरवेळी सोडतात.

"जगतील का हो काकू?"

"नाय गो बाय. पन आयशीसमोर नको."

काकूंचं सोडणं आणि माझं मोजणं, दोन्ही सारखंच. उशीर झालाय, हे दोघींनाही ठाऊक आहे.

दोन लाटांतच पिल्लं परत आली. काकूंनी ती उचलून आतड्या-खवल्यांच्या टबात टाकली. ते कुजवून माडांना खत घालतात. माशाचं काहीच वाया जात नाही, असं मी सभांमधून कौतुकाने सांगत असते.

किनाऱ्यावरचे माड यंदा नारळांनी लगडलेत. समुद्राकडे पाठ केली, की सगळं कसं भरलेलं दिसतं.