दमयंतीबाईंनी मला रागवायला हवं होतं

दमयंतीबाई आज सकाळी गेल्या. आणि मला अजूनही त्यांचा राग येतोय.

फोन आला तेव्हा रडू आलं नाही. चिडचिड झाली. म्हटलं, झालं, आता ते बोलणं राहिलंच.

साल बासष्ट असेल. पांढरकवड्याच्या ब्लॉक ऑफिसात त्या मुख्यसेविका होत्या. मी त्यांच्या हाताखाली नवी ग्रामसेविका. वय एकोणीस, दोन वेण्या, आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ!

गावोगाव जाऊन बायकांशी बोलणं हे आमचं काम. आज माझी नात ज्याला काउन्सेलिंग म्हणते आणि ज्याची डिग्री घेते, ते आम्ही बाजेवर बसून करायचो.

म्हणजे, मी उपदेश करायचे. बाई फक्त विचारत राहायच्या. मधेच थांबून म्हणायच्या, "थांब, मले काय समजलं ते सांगून पाह्यते. चुकलं तं टोक मले."

मला त्याचा भयंकर कंटाळा यायचा. समोरची जे बोलली तेच पुन्हा तिला काय सांगायचं?

केळापूरजवळच्या एका तांड्यावर सोमली होती. माझ्याच वयाची. नवरा राजूरला कोळशाच्या खाणीत. लग्नाला दोन वर्षं झालेली आणि ही सारखी माहेरी पळून यायची.

पहिल्यांदा आली तेव्हा मी एकटीच गेले होते.

"नवरा मारते काय?"
"नाही."
"सासू खायले देत नाही?"
"देते."
"मंग कायले येते वापस?"

मी अर्धा तास बोलले. संसार, आईबापाची अब्रू, सगळं. रजिस्टरमध्ये लिहिलं : समजूत घातली, सासरी रवाना.

ऑफिसात साहेब खूश. केस निकाली.

चार महिन्यांनी ती परत आली. मी तेच प्रश्न विचारले, तिने तीच उत्तरं दिली. मी चिडले. तिच्या आईसमोर म्हटलं, "हिले कामच नको." आणि पुन्हा पाठवली.

तिसऱ्यांदा आली तेव्हा ओळखू येईना इतकी वाळली होती. या वेळी बाई सोबत आल्या.

दुपारची वेळ. सोमली तूर निवडत होती. बाई तिच्या शेजारी बसल्या, सुपात हात घातला.

"राजूरले तुहा दिवस कसा जाते? उठल्यापासून सांग."

ती सांगू लागली. पाणी, सरपण, भाकरी. नवरा खाणीत जातो, मग धुणं. मग दिवस बुडतो.

आणि थांबली.

"दिवस बुडते. मंग?"
"मंग काही नाही."
"काही नाही, म्हंजे काय काय होते?"

चारची एसटी चुकणार म्हणून मी हळूच बाईंचा पदर ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला. किती वेळ गेला कोण जाणे. दोघी तूर निवडत बसलेल्या आणि मी घड्याळ बघत.

मग बाई म्हणाल्या, "थांब, मले काय समजलं ते सांगून पाह्यते. नवरा बरा हाय. सासू बरी हाय. दिवसभर काम करते तू. पण दिवस बुडाला का तुह्यं मन तिथं लागत नाही. म्हंजे तुले नांदायचंच नाही. असं?"

"नाही, बाई!" सोमली जवळजवळ ओरडलीच. "मले नांदायचं हाय. दिवस बुडाला का मले दिसतच नाही!"

रातांधळेपणा.

सासरचे म्हणतील आंधळी गळ्यात मारली, दुसरी करून आणतील, या भीतीने ती आईलाही बोलली नव्हती. अंधार पडला की कोपरा धरून बसायची.

आणि मी दुसऱ्यांदा पाठवल्यावर, सांजेला पाणी आणताना ती विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली होती. चौथा महिना होता.

मूल राहिलं नाही.

हे तिने माझ्याकडे न बघता सांगितलं. बाईंनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यांनी तिला एवढंच विचारलं, "नवऱ्याले कोण सांगन? मी का तू?"
"मीच सांगते."

नवरा सुट्टीच्या दिवशी आला. सगळं ऐकून खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "सांजेले मी खाणीतून काळाठिक्कर होऊन येतो. तू कोपऱ्यात जाऊन बसे. मले वाटे, तुले माही किळस येते."

दोन वर्षं दोघं एका खोलीत राहिली होती.

सरकारी दवाखान्यातून माशाचं तेल मिळालं. डॉक्टरांनी रोज पालेभाजी सांगितली, जमेल तेव्हा कलेजी. महिना-दीड महिन्यात तिला सांजेचं दिसू लागलं. ती राजूरला गेली ती नांदलीच. पुढे तिला मुलगी झाली.

पण मला बाईंनी काहीच म्हटलं नाही! परतीच्या एसटीत नाही, ऑफिसात नाही. साहेबांना रिपोर्ट दिला त्यातही माझं नाव नाही.

मी वाट बघत राहिले. मग बदली झाली, लग्न झालं, वर्षं गेली.

गेल्या दिवाळीत फोन केला आणि विचारूनच टाकलं. "बाई, सोमलीच्या वेळी तुम्ही मला रागावल्या काहून नाहीत?"

पलीकडून नव्वदीतला तो बारीक आवाज :

"तुले काय ऐकायचं होतं?"

इतकी चिडले मी! साठ वर्षांनंतरही प्रश्नच! "काही नाही," म्हटलं आणि फोन ठेवला. पुन्हा केला नाही.

आज उत्तर देते, बाई.

मला ऐकायचं होतं की चूक माझी होती. कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं. तुम्ही म्हटलं नाहीत म्हणून मी ते आजवर कोणाला सांगू शकले नाही. सोमलीलासुद्धा नाही.

चुकलं असेल तर टोकायला आता तुम्ही नाहीत.

या आता, बाई. मनापासून नमस्कार.